फाइल क्रमांक १२०७

कॉम्प्युटर पतसंस्थेच्या लिलावातला.
कॅबिनेटवर अजून पट्टी आहे: कर्ज विभाग – २.
खरवडून निघाली नाही, मग राहू दिली.
सॉफ्टवेअर फुकटचं.
"फुकटचं अंगी लागत न्हाई," अब्बा म्हणाले,
पण त्याच्या नावातच अंधार आहे हे कळल्यावर
खुर्ची ओढून बसले.
तीस वर्षं डार्करूममध्ये काढलेला माणूस.

खासबागेतल्या मैदानाचे अठराशे सेहेचाळीस फोटो, सगळे रॉ,
कार्डातून उतरलेले, जसेच्या तसे, घामट.
सकाळी नऊला वस्ताद पेन ड्राइव्ह घेऊन येणार.
एकेक उघडत बसले तर दिवाळी उजाडेल,
म्हणून एकावर हात बसवायचा
आणि तोच हात सगळ्यांवरून फिरवायचा.

पहिला उघडला. ऑटो दाबलं.
मशीनला वाटलं, एवढं तांबडं म्हणजे चूकच असणार.
त्यानं ते वळतं करून टाकलं,
हिशेब जुळवणाऱ्या कारकुनासारखं.
हौदातली माती करडी झाली.
अब्बा चष्मा कपाळावर चढवून वाकले:
"शबिना, ही माती हाय का चुलीतली राख?"

त्या मातीत काव आहे, ताक आहे,
हळद, लिंबू, गोडेतेल,
आणि कुणाकुणाच्या पाठी.
ऑटोला ते कुठून ठाऊक.

मग पांढरं शोधत गेले.
फेटे गुलालात, लंगोट मातीत,
पंचांचा शर्ट पिवळा पडलेला.
शेवटी सापडला हलगीवाल्याच्या कानातला
अत्तराचा फाया.
(मला वरच्या पायऱ्यांवरूनच काढू दिले होते फोटो.
बाईमाणूस हौदाशी नको, म्हणाले.
लांबची लेन्स उसनी आणली होती,
म्हणून तो फाया.)
त्यावर टिचकी मारली
आणि तांबडं परत आलं, भसकन.
अब्बा काही बोलले नाहीत.
त्यांच्या डार्करूममधला बल्ब याच रंगाचा होता.

धार किती द्यायची ते मात्र त्यांनी सांगितलं.
आम्ही शिकलगार. आजा विळ्या-अडकित्त्यांना लावायचा.
"कमीच ठेव. लई लावली की पातं सोताला खातं."

साडेअकराला एक ओळ लिहून सोडली:
या फोल्डरातलं घे, त्या फोल्डरात ठेव,
झालेलं पुन्हा करू नको.
पंखा घरघरला. एक. दोन.
अब्बा खुर्चीतच कलंडले.

पावणेतीनला लाइट गेली.

यूपीएसनं दोन शिट्ट्या मारून जीव सोडला.
चारला लाइट आली तेव्हा मोजलं.
बाराशे सातवी अर्धीच उतरली होती:
वर गर्दी, मग जिंकणाऱ्याची मान, ताणलेला दंड,
आणि त्याखाली सपाट करडं,
जिथं कुंभीकाठच्या दौलूची पाठ
मातीला टेकायची होती.

निकाल मला माहीत होता. बटण मीच दाबलं होतं.
अख्ख्या मैदानानं फेटे उडवले होते.
तरी या फोटोत
दौलू अजून चीत झाला नव्हता.

आणि मशीन तसंच पुढं जाणार होतं.
फाइल दिसते ना, मग झालं.
पुसली, तर ते पुन्हा पहिल्यापासून उतरवणार,
तळापर्यंत. पाठीपर्यंत.

डिलीटवर बोट ठेवून किती वेळ बसले कुणास ठाऊक.
गंगावेशीच्या कट्ट्यावर एव्हाना म्हशी येऊन थांबल्या असतील,
गल्लीतून किटल्या चालल्या होत्या तिकडं.
पुसली नाही. दुसरीकडं हलवली.
फोल्डरला नाव सुचेना,
ते "नवीन फोल्डर" असंच राहिलं.
मग ओळ पुन्हा सोडली.
बाराशे सात: दौलू चीत.
बाराशे आठ.

नऊच्या आधीच वस्ताद आले.
सदऱ्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला,
त्याला दोन फुटाणे चिकटलेले.
"समदे हायत न्हवं?"
अब्बांनी माझ्याकडं पाहिलं.
झोपले नव्हते तर.
"हायत," म्हणाले,
"आदी माती बगा."